ठासणीच्या रिव्हॉल्वरचा उत्तरार्ध

महोदय,

अमेरिकेच्या पश्चिम भागावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात, १८७३ साली कोल्टचे नवे रिव्हॉल्वर आले आणि ठासणीची (दारू व गोळी समोरून ठासून भरायची) रिव्हॉल्वरे एकदम बाद झाली, असे म्हटले आहे. ते तितकेसे खरे नाही. त्याआधीच जुनी हत्यारे धातूच्या काडतुसांसाठी बदलून घेतली जात होती, आणि हे काम रखडले ते मुख्यतः पेटंटमुळे.

आरपार छिद्रे असलेल्या सिलिंडरचे (गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याचे) पेटंट रोलिन व्हाइट यांनी १८५५ मध्ये मिळवून त्याचे हक्क स्मिथ अँड वेसन कंपनीला दिले होते; त्यामुळे १८६९ पर्यंत मागून काडतूस भरायचे रिव्हॉल्वर इतरांना परवान्याशिवाय करता येत नव्हते. रेमिंग्टनने रीतसर स्वामित्वशुल्क भरले, तर कोल्टने समोरून काडतूस भरण्याची आपले कर्मचारी थ्यूअर यांची पळवाट वापरून पाहिली, जी फारशी चालली नाही. पुढे कोल्टचेच रिचर्ड्स यांच्या १८७१ च्या पेटंटनुसार कोल्टच्या १८६० च्या ‘आर्मी’ नमुन्याच्या सिलिंडरचा ठिणगी देणाऱ्या टोप्या बसवायचा मागचा भाग कापून तेथे काडतूस भरायच्या झडपेची चकती बसवण्यात आली आणि ठासणीच्या दट्ट्याच्या जागी रिकामी पुंगळी ढकलणारी दांडी आली.

व्हाइट यांना स्मिथ अँड वेसनकडून नगामागे पंचवीस सेंट मिळत, मात्र पेटंटभंगाचे खटले त्यांनीच लढायचे, अशी अट होती (वेसन यांचा व्यवहार चोख म्हणायचा!). पेटंटच्या मुदतवाढीसाठी व्हाइट यांनी अमेरिकी काँग्रेसकडून (संसदेकडून) विधेयक मंजूर करून घेतले, पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला.

— एक वाचक, पुणे