घड्याळाआधी रस्त्यावर आकडे रंगवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्याने धावायला लागणाऱ्यांसाठी खरेदीची यादी आली होती. तिच्यात बुटांच्या लगेच खाली जीपीएस घड्याळ पाहिले आणि हे पत्र लिहायला बसलो. इथे साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की यवतेश्वरच्या घाटात पहाटेच्या अंधारात माणसांआधी मनगटांवरचे पडदे दिसतात. घड्याळाला माझा विरोध नाही, माझ्याही हातात ते असते. पण ते कुणाला आणि कधी उपयोगी पडते, याबद्दल यादीत एक ओळही नव्हती. बरे घड्याळ वीस हजारांच्या आसपास सुरू होते आणि साठ-सत्तर हजारांवरही जाते. एवढे पैसे घालायला सांगताना ती एक ओळ हवी होती. नवख्याला घड्याळाआधी रस्त्यावर किलोमीटरचे आकडे हवेत, हे माझे म्हणणे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचे सिग्नल मोकळ्या आकाशाखाली नीट मिळाले तरी मनगटावरच्या घड्याळाची जागा तीन ते पाच मीटरने चुकू शकते. सहा मिनिटांत किलोमीटर धावणारा माणूस एका सेकंदात पावणेतीन मीटर पुढे जातो. त्यामुळे या क्षणाचा वेग अचूक सांगणे घड्याळाला जड जाते. पडद्यावरचा ‘आत्ताचा पेस’, म्हणजे किलोमीटरला लागणारी मिनिटे-सेकंद, ५:४०, ६:१५, ५:५० असा उड्या मारतो, किंवा घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून त्याला गुळगुळीत करते आणि मग वेग वाढवल्याचे त्याला उशिरा कळते. अख्ख्या किलोमीटरची सरासरी त्या मानाने बरीच भरवशाची असते. गंमत अशी की नवखा धावणारा नेमका त्या उड्या मारणाऱ्या आकड्यामागे लागतो. तो दर पन्नास पावलांवर मनगट वळवतो, वेग कमी-जास्त करतो आणि दोन किलोमीटरांत दमतो.

घाटात आणखी निराळे. डोंगराच्या कड्याला आपटून आलेला सिग्नल घड्याळाला फसवतो, आणि केसाच्या चापासारख्या वळणावर नकाशावरची रेघ वळण कापून जाते, म्हणजे अंतर कमी भरते. मुंबईत उंच इमारतींच्या मधून धावताना उलटे होते. रेघ रस्ता सोडून नागमोडी फिरते आणि न धावलेले मीटर खात्यात जमा होतात. दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारी महागडी घड्याळे यात बरीच सुधारली आहेत, पण नवख्यासाठी जे मॉडेल सुचवले जाते त्यात बहुधा ती सोय नसते. शिवाय चढावर पेस पाहायचाच कशाला? सपाटीवर सहाचा पेस असलेल्याने यवतेश्वर चढताना साडेसातने जावे, धाप सांगेल तसे जावे. चढावर ‘पेस पडला’ म्हणून हळहळून उतारावर तो भरून काढणारे पुढचे पंधरा दिवस गुडघे चोळत बसलेले मी पाहिले आहेत.

नाडीच्या आकड्याबद्दलही थोडे. घड्याळाच्या पाठीचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची हालचाल पाहून ठोके मोजतो. पट्टा सैल असला की कधी कधी तो ठोक्यांऐवजी पावलांचाच ताल पकडतो, आणि आरामात गप्पा मारत धावणाऱ्या माणसाच्या घड्याळात १७५ उमटतात. छातीचा पट्टा यापेक्षा खूप अचूक. त्यातच बरीच घड्याळे जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, या जुन्या ठोकताळ्यावर झोन, म्हणजे हळू ते जोरात धावण्याचे ठोक्यांचे टप्पे, आखून देतात. पन्नाशीच्या माणसाला ती १७० ची मर्यादा सांगतात, पण प्रत्यक्षात माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, कधी त्याहून जास्त. धावताना पूर्ण वाक्य बोलता येते का, ही फुकटची चाचणी नवख्यासाठी त्या झोनपेक्षा बरी. आणि छातीत दुखत असताना ‘घड्याळात तर सगळे नॉर्मल आहे’ म्हणून पळत राहणाऱ्याला काय म्हणावे? ते घड्याळ आहे, ईसीजीसाठी दवाखान्यात जावे लागते.

दर जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन झाली की आमच्या ग्रुपवर एक वाद पेटतो. ‘माझ्या घड्याळात ४२.६ आले, आयोजकांनी रस्ता जास्त मोजला.’ मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. प्रमाणित मार्ग आजही सायकलनेच मोजतात. तिच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे छोटे यंत्र लावतात, आधी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर ते पडताळून घेतात आणि मग माणसाला धावता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून सुमारे तीस सेंटिमीटर अंतर ठेवून, सायकल नेतात. मार्ग कमी भरू नये म्हणून हजारी एक जादा धरतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनमध्ये साधारण ४२ मीटर. आपण गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, वळणे बाहेरून घेत धावतो. वर घड्याळाची चूक. मग ४२.६ का येणार नाहीत?

याचा फटका कुठे बसतो ते आकड्यांत पाहा. चार तासांत संपवायचे तर किलोमीटरला ५:४१ चा पेस लागतो. घड्याळावर इमानदारीने ५:४१ राखला आणि घड्याळाने ४२.६ मोजले, तर अंतिम रेषेवर ४ तास २ मिनिटे होतात. पेडर रोडचा चढ ओलांडून, पाय ओढत आलेल्या माणसाला ती दोन मिनिटे जिव्हारी लागतात. उपाय साधा आहे. स्पर्धेत घड्याळाचे आपोआप लॅप, म्हणजे दर किलोमीटरला त्याने स्वतःच केलेली नोंद, बंद करायचे आणि रस्त्यावरची किलोमीटरची पाटी आली की बटण दाबायचे. म्हणजे हजारोंच्या घड्याळालाही शेवटी पाटीच लागते, आणि पाटी असेल तर साध्या स्टॉपवॉचवरही काम भागते.

जीपीएसचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात जालंधरला शिवनाथ सिंग २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन धावले, आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ कुणाला मोडता आला नाही. शिवनाथ सिंग असामान्यच होते, त्यांच्या उदाहरणाने माझ्यासारख्या हौशी माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ‘घड्याळाशिवाय सुधारणा होत नाही’ असे छातीठोक सांगणाऱ्यांना हे साल आठवून द्यावेसे वाटते.

आता घड्याळाच्या बाजूने, कारण ती बाजू खरी आहे. वर्षभर नियमित धावलेला, श्वास आणि पाय यांची ओळख झालेला माणूस घड्याळ घेतो तेव्हा त्याला खरा फायदा होतो आणि तो बहुधा हळू धावण्याचा. रविवारच्या लाँग रनला शेजारचा पुढे गेला की आपले पाय आपोआप वेग घेतात. त्या वेळी किलोमीटरच्या सरासरीवर लक्ष ठेवणारा स्वतःला आवरू शकतो. आठवड्याला किती किलोमीटर झाले याची आयती नोंद राहते, आणि पोटरी दुखायला लागली की मागे वळून पाहता येते की आपण अंतर अचानक वाढवले होते. अनोळखी गावात मुक्काम असेल तर आल्या वाटेने परतण्याची सोय होते. एवढ्यासाठी मी ते जरूर घ्या म्हणेन. ‘रिकव्हरी ६१ तास’ असल्या, किती विश्रांती घ्यावी हे सांगणाऱ्या सूचना मात्र मी वाचतो आणि सोडून देतो.

धावण्याच्या नोंदी इतरांना दाखवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपवर रन टाकण्याची आता जवळपास सक्ती झाली आहे. एकाने टाकला की दुसरा त्याच रस्त्यावर सेकंद कमी करायला जातो, आणि हळू धावायचा दिवस कुणाच्या वाट्याला येतच नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे नकाशा. २०१८ च्या सुरुवातीला याच ॲपच्या, लोक कुठे जास्त धावतात ते उजळ दाखवणाऱ्या जगभरच्या उष्णता-नकाशावरून परदेशांतले लष्करी तळ ओळखू आल्याची चर्चा झाली होती. सैनिकांचे ठावठिकाणे दिसले, तर रोज पहाटे एकाच दारातून एकट्या निघणाऱ्या बाईचा पत्ता का दिसणार नाही? घराभोवतीचा भाग नकाशावर लपवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. आमच्या ग्रुपमधल्या अनेकींना ती माहीतच नव्हती. आपल्या यादीत घड्याळाच्या किमतीशेजारी ही सूचना छापली असती तर बरे झाले असते.

आणि आता मूळ मागणी. नवख्याला हवे असते एकच उत्तर : मी किती धावलो? मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती एक फेरी म्हणजे किलोमीटरहून थोडे जास्त, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. चारशे मीटरच्या ट्रॅकवरही असेच निश्चिंत धावता येते. बाकी गावांत लोक अंदाजाने धावतात किंवा खिशात, दंडाला फोन बांधून. स्पर्धेसाठी किलोमीटरच्या पाट्या एका सकाळपुरत्या उभ्या राहतात आणि दुपारपर्यंत ट्रकमध्ये जातात. अंतर तर मोजलेले असतेच. मग त्याच जागी रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रंगात दर किलोमीटरला, आणि चढाच्या भागात दर पाचशे मीटरला, एक आकडा कायमचा रंगवायला कितीसा खर्च येणार?

साताऱ्यात यवतेश्वर ते कास रस्त्यापासून याची सुरुवात व्हावी अशी विनंती मी आपल्या पत्रामार्फत आयोजकांना, नगरपालिकेला आणि बांधकाम खात्याला करत आहे. आकडे रंगवायला माणसे कमी पडली तर आमचा रविवारचा ग्रुप ब्रश घेऊन येईल. रंग मात्र पावसात टिकणारा द्यावा.

आपला,
एक हौशी धावणारा, सातारा