हेलेनची आई आणि तुझी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आईचं चित्र फिनलंडची चित्रकार हेलेन शेर्फबेक हिच्या धर्तीवर करायचं म्हणतोस, तर आधी तिचं १९०९चं ‘माझी आई’ सावकाश बघ. बाजूने दिसणारा चेहरा, अंगावर काळा पोशाख, बाकी जवळजवळ काही नाही. १९०२मध्ये मायलेकी हेलसिंकी सोडून ह्युविंका या रेल्वेच्या गावात राहायला गेल्या. १९२३मध्ये आई, ओल्गा, वारली. तोवर फुकटचं मॉडेल घरातच! पण घरचं माणूस म्हणून हेलेनने तो चेहरा गोड केला नाही. तूही करू नकोस.

तिच्या रंगाला तकाकी नसते, तो भिंतीत मुरल्यासारखा दिसतो. त्यासाठी तेल शोषणारं अस्तर, म्हणजे रंगाखालचा थर, हवं, आणि तयार कॅनव्हासचं तितकं शोषत नाही. प्लायवर धुतलेलं सुती कापड सरसाने चिकटव. १ लिटर पाण्याला ७० ग्रॅम सरस, रात्रभर भिजवून, भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळव. उकळला की चिकटपणा गेलाच. त्यातच खडूची पूड कालव, साईसारखं होईपर्यंत. पहिला हात बोटांनी चोळून लाव, नाहीतर बुडबुडे फुटून टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. मग तीन-चार पातळ हात. जाड दिलास तर वाळताना भेगा पडतील. पावसाळ्यात हा उद्योग नको, सरसाला बुरशी धरते.

ट्यूबमधला रंग टिपकागदावर २-३ तास ठेव, जादा तेल निथळतं. रात्रभर ठेवलास तर मात्र वाळल्यावर बोटाला भुकटी लागेल.

खरं काम यापुढचं. ती रंग लावायची त्याहून जास्त खरवडायची. गाल रंगवून एक-दोन दिवस थांब, हाताला चिकटेनासा झाला की बोथट सुरीने अलगद खरवड. कापडाच्या विणीच्या उंचवट्यांवरचा रंग निघतो, खाचांतला राहतो, आणि म्हातारी कातडी आपोआप दिसू लागते. सुरकुत्या काढत बसायची गरजच उरत नाही. मात्र पापणीची आणि ओठांची रेघ शेवटी, एकाच फटक्यात. तिथे सुरी नको. गालावर सुरीऐवजी २२० नंबरचा पॉलिशपेपर चालेल, पण मास्क लावून, आणि शिशाचा पांढरा वापरायचा नाही.

वर व्हार्निश मारलंस तर सगळं मुसळ केरात! काचेची फ्रेम कर, काच रंगाला टेकू देऊ नकोस.

काकूंना नमस्कार सांग. एका बैठकीत वीस मिनिटांहून जास्त बसवू नकोस त्यांना.

तुझाच