सट्ट्याच्या दोन्ही भावांचा हिशेब करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तरुणांच्या ऑनलाइन सट्ट्यावरचा आपला लेख वाचला. जुगार वाईट, घरे धुळीला मिळतात, पालकांनी लक्ष ठेवावे, हे सगळे त्यात आहे. पैसा नेमका जातो कसा, तेवढे मात्र नाही. आमच्या सोसायटीतल्या पोरांना जुगार वाईट आहे हे ठाऊकच आहे. त्यांची समजूत अशी की आपल्याला खेळातले कळते, म्हणून आपण बुडणार नाही.

ही पोरे रविवारी सकाळी यूएफसीच्या, म्हणजे पिंजऱ्यातल्या मारामारीच्या, लढती बघतात आणि टेलिग्रामवर कुणीतरी दिलेल्या परदेशी साइटवर पैसे लावतात. मी गिरणीत हिशेबनीस होतो. लालबागला मटक्याचा ओपन-क्लोज आणि महालक्ष्मीच्या घोड्यांचे भाव कानावर आल्याशिवाय आमचा दिवस सरत नसे. पिंजऱ्यातली मारामारी मला नवी, भाव ओळखीचे.

हे भाव, म्हणजे जिंकल्यास किती मिळणार याचे आकडे, बहुधा दोन तऱ्हांनी लिहितात. अमेरिकी तऱ्हेत एका फायटरपुढे वजा २५० असते, दुसऱ्यापुढे अधिक २००. पहिल्यावर शंभर कमवायचे तर अडीचशे लावा. दुसऱ्यावर शंभर लावा, तो जिंकला तर दोनशे कमाई. दशांशात तेच भाव १.४० आणि ३.०० होतात, म्हणजे शंभराचे मुद्दलासकट १४० किंवा ३००. आता शंभराला या दोन आकड्यांनी भागा. एकीकडे ७१.४ येतात, दुसरीकडे ३३.३. भावानुसार त्या त्या फायटरच्या जिंकण्याची ही शेकडा शक्यता. बेरीज १०४.७. बरोबरी क्वचितच सुटते, तेव्हा दोघांपैकी एक जिंकणार आणि बेरीज शंभर यायला हवी. वरचे पावणेपाच साइटवाल्याचे, म्हणजे त्याची दलाली. मटक्यात आकडे दहा आणि एका आकड्यावर लावलेला रुपया लागला तर नऊ. शेठचा वाटा शेंबड्या पोरालाही कळायचा. इथे तो काढायला भागाकार करावा लागतो, आणि मोबाइल हातात असून तो कुणी करत नाही.

१.४० भावाच्या फायटरवर सात वेळा शंभर-शंभर लावले आणि पाच वेळा जिंकलात, तर मिळाले सातशे. लावले होते तेही सातशेच. सातांत पाच अंदाज बरोबर येणाऱ्याला आमच्या नाक्यावर पंडित म्हणतील, आणि पंडिताच्या खिशात नफ्याचा एक रुपया नसेल.

पोरांचा खरा जीव चार लढती एकत्र बांधण्यावर असतो, म्हणजे चारही अंदाज बरोबर आले तरच पैसे. वरच्याच १.४० च्या चार लढती बांधल्या की भाव ३.८४ दिसतो आणि डोळे चकाकतात. पण भावाबरोबर दलालीही चार वेळा गुणली जाते. वरच्या उदाहरणातली दलाली प्रत्येक लढतीत धरली, तर सरासरीने शंभरातले ८३ परत येतात, १७ साइटवाल्याकडे राहतात. मटक्याचा शेठसुद्धा दहावर भागवायचा.

‘पण काका, अभ्यास केला तर?’ हा प्रश्न रास्त आहे. या खेळात अभ्यासाला जागा आहे. आदल्या दिवशी वजन घेतात तेव्हा कोण ओढलेला दिसतो, ऐनवेळी बदली म्हणून कोण आला, कुस्तीवाल्यासमोर लांबून मारणारा आहे का, हे पाहता येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला यूएफसीची विजेती रोंडा राउझी उतरली ती बारा लढती अजिंक्य राहून. तिच्यावर लावून सुटणारा नफा चहापुरताच होता. समोर होती बॉक्सिंगमधली माजी जगज्जेती हॉली होम. तिने राउझीला जवळ येऊच दिले नाही आणि दुसऱ्या फेरीत डाव्या पायाची लाथ घालून आडवे केले. होमच्या पायांकडे नीट पाहिलेल्यांनी त्या दिवशी कमावलेच असणार. पण अशा एका दिवसावर वर्षभराची दलाली फिटायची, तर भाव ठरवणाऱ्यापेक्षा तुम्हाला रोज जास्त कळले पाहिजे. तो पोटासाठी हेच करतो.

आणि काही गोष्टी अभ्यासाने कळतच नाहीत. ५ नोव्हेंबर २०२२ ला लास वेगासमध्ये डॅरिक मिनर आणि चीनचा शायिलान यांची लढत होती. लढतीच्या काही तास आधी शायिलानकडे, तेही पहिल्याच फेरीत जिंकण्याकडे, पैशाचा ओघ लागला. मिनरने लाथ मारली, त्याचा पाय दुखावल्याचे दिसले, आणि ६७ सेकंदांत तो हरला. त्याचा पाय आधीच दुखावलेला होता आणि लढतींवर देखरेख करणाऱ्या नेवाडा राज्याच्या आयोगाला त्याने ते सांगितले नव्हते, असे पुढे निघाले. त्याचा प्रशिक्षक जेम्स क्रॉज सट्ट्याच्या टिपा देत असे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने तर यूएफसीवरचे बेटिंगच काही काळ बंद ठेवले. क्रिकेटमध्ये अकरा जण तरी असतात. इथे एका गुडघ्याची बातमी पुरते, आणि ती डोंबिवलीला सगळ्यांत शेवटी पोचते.

कायद्याचे थोडक्यात. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण त्याचे पैसे अडकले तर दाद मागायची कुणाकडे? आमच्या शेजारच्या मुलाचे अडकले. जिंकलेले होते, म्हणून दुःख जास्त. टेलिग्रामवरच्या ‘भाई’ने नंबर बदलला होता.

तेव्हा महोदय, पुढच्या लेखात उपदेशाचा एखादा परिच्छेद कमी करून वरचा भागाकार चौकटीत छापावा. नववीच्या मुलाला जमेल इतका तो सोपा आहे. जागा कमी असेल तर राउझी वगळा, सातांत पाचचा हिशेब ठेवा.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, डोंबिवली (पूर्व)