द्रवनत्रातला माणूस

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मृत देह गोठवून पुढेमागे उठवण्याच्या आशेवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. गोठवण्याचं वर्णन भरपूर, वितळवण्यावर मात्र जेमतेम दोन ओळी! माझी सगळी नोकरी दापोली तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून द्रवनत्राचे (द्रवरूप नायट्रोजनचे) कंटेनर सांभाळण्यात गेली, म्हणून लिहावंसं वाटलं.

उणे १९६ अंशांतली रेतकांडी (गोठवलेल्या वळूवीर्याची बारीक नळी) चिमट्याने काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून लगेच वापरायची. एवढं करूनही कितीतरी शुक्राणू मरतात. पण लाखोंतला एक पुरतो आणि गाय गाभण राहते. मेंदूला असा हिशेब चालत नाही. शिवाय कांडी काडीएवढी बारीक, ऊब क्षणात आत पोचते. माणसाचा देह बाहेरून तापेपर्यंत आत बर्फाचे खडे धरू लागतात.

बर्फ होऊ नये म्हणून हल्ली रक्ताच्या जागी गोठणरोधक द्रव भरून देह काचेसारखा घट्ट करतात. पण काच म्हटली की तडे आले. २०२३ साली मिनेसोटा विद्यापीठात उंदराचं मूत्रपिंड १०० दिवसांपर्यंत असं ठेवलं, लोहाचे सूक्ष्म कण नि चुंबकीय क्षेत्र वापरून आतबाहेर एकदम तापवलं आणि दुसऱ्या उंदरात चालवून दाखवलं. मोठीच मजल. पण ते मूत्रपिंड असेल काजूगराएवढं! या आशेवर गोठवलेले पहिले गृहस्थ जेम्स बेडफर्ड, त्यांना १९६७ मध्ये गोठवलं तेव्हा ही काचेची युक्तीही नव्हती. ते उठतील असं मला तरी वाटत नाही.

वीज गेली तर काय, असं लेखकाने विचारलंय. वीज लागतच नाही. नत्र उडत राहतं, ते भरत राहावं लागतं. एका जुलैत घाट बंद पडला, नत्राची गाडी आली नाही. लाकडी पट्टी कंटेनरमध्ये बुडवून काढली तर तिच्यावर बोटभरसुद्धा हिंव धरलं नाही, म्हणजे नत्र संपलेलं. सगळ्या कांड्या फुकट. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या दफनभूमीत पैसे आटले, भरणा थांबला आणि नऊ देह वितळले. १९७९ साली ते उघडकीला आलं. तिथे तर घाटही बंद नव्हता.

मूत्रपिंडाचं मात्र मनावर घ्या. अवयव महिनाभर टिकला, तर आमच्याकडच्या रुग्णाला मूत्रपिंड मिळाल्याचा फोन आल्यावर रात्रीत मुंबई गाठायची धावपळ उरणार नाही. त्यावर एक सविस्तर लेख येऊ द्या.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, दापोली