गोळ्या वाटल्या, पुढे काय?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जंतनाशक दिनाला शाळांतून गोळ्या वाटल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी किती गोळ्या गेल्या, याची बातमी येते. त्या बातमीच्या जोडीला थायलंडच्या ईशान्य भागात, इसानमध्ये काय घडलं तेही वाचकांपर्यंत जावं, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त पशुवैद्य. पाणथळीत चरणाऱ्या म्हशीला पर्णकृमी (यकृतात राहणारा पानासारखा चपटा कृमी) होतो, जबड्याखाली सूज येते, हे आपल्याकडचे पशुपालक जाणतात. तो गोगलगायीमार्फत येतो. इसानमधला कृमी त्याचाच भाऊबंद, पण राहतो माणसाच्या पित्तनलिकेत. विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात, तिथून गोगलगायीत, मग गोड्या पाण्यातल्या माशात. तिथले लोक कच्चा मासा बारीक चिरून, लिंबू-मिरची घालून खातात; या पदार्थाला 'कोई प्ला' म्हणतात. लिंबाने मासा पांढरट पडतो, शिजल्यासारखा दिसतो, पण आतली अळी मरत नाही. पोटात गेलेला कृमी वर्षानुवर्षं पित्तनलिकेला सूज आणतो आणि काहींना पुढे तिथेच कॅन्सर होतो. कावीळ दिसेपर्यंत बहुतेकदा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच या कृमीची लागण कॅन्सरकारक ठरवली. इसानमधल्याच खोन केन प्रांतातलं या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वाधिक नोंदलं गेलं आहे.

औषध आहे. प्राझिक्वांटेलने कृमी मरतो. पण गोळी घेऊन माणसं पुन्हा तोच मासा खात राहिली आणि लागण पुन्हा होत राहिली. खोन केनचे शल्यविशारद नरोंग खुंतिकेव यांचे आई-वडील दोघेही यकृताच्या कॅन्सरने गेले. त्यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव सोनोग्राफी केली आणि मासा शिजवून खा म्हणून कळकळीने सांगितलं. खोन केनमधल्याच लावा तलावाकाठच्या गावांत औषध, शाळेतलं शिक्षण आणि गावकऱ्यांचा सहभाग एकत्र आला, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत असलेली लागण दहा टक्क्यांखाली उतरली.

आपल्याकडची अल्बेंडाझोलची गोळी आतड्यातल्या जंतांसाठी आहे; इथे या कॅन्सरची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. पण गोळी खाऊन मूल पुन्हा अनवाणी त्याच घाणीतून जाणार असेल, तर जंतही परत येणारच. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या वार्ताहरांनी गोळ्यांच्या आकड्याशेजारी त्या शाळेच्या शौचालयात पाणी येतं का आणि हात धुवायला साबण असतो का, हेही छापावं, ही विनंती.

– एक निवृत्त पशुवैद्य, सांगली जिल्हा