टॅपेटसाठी परत आलात, म्हणून

आदरणीय काका,

नाव कुठेही लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. तुम्ही दुरुस्त केलेली माझी गाडी रस्त्यावर येऊन तीन आठवडे झाले, पण तुमचे आभार मानायला गेलं की अजून माझा आवाज भरून येतो. समोर उभं राहून जे नीट बोलता आलं नाही, ते लिहून काढते. चारचौघांसमोर लिहिते, कारण असं वागणारी माणसं आहेत हे इतरांनाही कळायला हवं.

तुम्ही गाडी पाहिलीत ती शेवटच्या टप्प्यावर. माझ्याकडे आली तेव्हा ती अर्धीच होती. पोर्श 356 स्पीडस्टर या जुन्या, उघड्या गाडीची प्रतिकृती. बॉडी फायबरग्लासची, खाली फोक्सवॅगन बीटलची कापून आखूड केलेली चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मागे बीटलचंच हवेवर गार होणारं 1600 सीसीचं इंजिन. कुणीतरी मोठ्या हौसेनं बांधायला घेतली होती आणि मध्येच सोडून दिली होती. मी घरीच, सुट्टीच्या दिवशी आणि रात्री, चार वर्षं तिच्यावर काम केलं. जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, जाळीसारख्या बारीक भेगा होत्या, त्या खरवडून काढल्या, काचतंतूंची मॅट आणि रेझिनचे थर दिले, घासलं, परत थर दिले, परत घासलं. फायबरची धूळ मनगटात शिरली की दोन-दोन दिवस खाज जात नाही, आणि ती खाजसुद्धा मला आवडायला लागली होती. वायरिंग आणि इंजिनापाशी मात्र माझं शिकणं अपुरं पडलं. तिथे मी मदत मागायला बाहेर पडले.

तुमच्या आधीच्या तिघा मेकॅनिकांबद्दल लिहू नये असं वाटत होतं. पण ते वगळलं तर तुम्ही काय केलंत ते कळणार नाही.

पहिल्यानं बोनेटवर बोटानं टकटक केलं, पत्र्याचा आवाज आला नाही तसा हात मागे घेतला. ‘ओरिजिनल असती तर बघितलं असतं,’ म्हणाला. दुसऱ्यानं गाडी पाच महिने ठेवून घेतली. बल्ब बदलले, रिले बदलले, डायनामो बदलला. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे, ते तसेच मिणमिणत राहिले. परत आली तेव्हा मी महिनोन्‌महिने वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठ्या लावून ठेवलेले नट-बोल्ट एकाच डब्यात ओतलेले होते. त्या रात्री मी तो डबा मांडीवर घेऊन रडले, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिसरा तर प्रश्न मी विचारला तरी उत्तर माझ्या भावाला द्यायचा. भाऊ बिचारा मला सोडायला आला होता, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. त्या माणसानं ‘टॅपेट सेट केलेत’, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची, झडपांची, बारीक फट नीट लावली, असं छातीठोक सांगून पैसे घेतले. टॅपेटचं कव्हर तुम्ही काढलंत तेव्हा त्याच्या कडेवरचा जुना रंगसुद्धा फुटलेला नव्हता. कव्हर कुणी उघडलंच नव्हतं. तुम्ही ते मला दाखवलंत, पण त्या माणसाला एक वाईट शब्द बोलला नाहीत. मी बोलले होते, बरेच.

‘नकली’ हा शब्द या चार वर्षांत मी इतक्यांदा ऐकला होता की तुमच्याकडूनही तोच येईल अशी तयारी ठेवली होती. खरं तर पोर्शची 356 मुळात फोक्सवॅगनच्याच सुट्या भागांवर उभी राहिली. 1948मध्ये, ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात. आणि स्पीडस्टर? अमेरिकेत पोर्श विकणाऱ्या मॅक्स हॉफमनला स्वस्त, उघडी गाडी हवी होती, म्हणून 1954मध्ये ती निघाली. काच ठेंगणी, खिडक्यांना काचेऐवजी पडदे, सीट हलक्या, आणि किंमत 3,000 डॉलरच्या आत. आज जिला हात लावायला लोक घाबरतात ती गाडी जन्मली तीच काटकसरीतून. हे सगळं मी तुम्हाला पहिल्याच दिवशी घाईघाईनं सांगत होते, जणू गाडीची बाजू मांडायला उभी होते. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, ‘ताई, गाडी प्रतिकृती असेल. पण ब्रेक खरेच लावायचेत, आणि आत बसणार ते माणूसही खरं.’ त्यानंतर मला बाजू मांडावी लागली नाही.

मी वायरिंग दाखवायला पुढे झाले, आणि तुम्ही मागे जाऊन इंजिनापाशी वाकलात. पेट्रोलचा रबरी पाइप दोन बोटांत दाबून पाहिलात. तडकलेला होता. ‘आधी हे, मग बाकीचं.’ या इंजिनाचा गाभा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, एकदा पेटला की विझवणं महाकठीण, आणि वर सगळी बॉडी रेझिनची. मला हे दोन्ही वेगवेगळं माहीत होतं. एकत्र कधी विचार केला नव्हता. आधीच्या तिघांपैकी एकानंही त्या पाइपकडे पाहिलं नव्हतं, आणि त्यातल्या एकाकडे गाडी पाच महिने होती.

वायरिंगचं तर तुम्ही दहा मिनिटांत दाखवलंत. हातभर लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टेल लॅम्पच्या बुडाला, आणि दिवा लख्ख पेटला. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमधून वीज परत जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थची वायर लागते, आणि ती कुठे सैल झाली की वीज शेजारच्या बल्बमधून वाट काढते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतात ते त्यामुळे. एवढंच होतं. बाकी कोणती वायर कुठून नेली ते मी इथे लिहीत बसत नाही.

आणि चॅसिस. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2,400 मिलिमीटर, 356चं 2,100. मधला तुकडा कापून ती जोडतात. हातोडीच्या दांड्यानं ठोकत ठोकत तुम्ही त्या सांध्यापर्यंत आलात आणि आवाज बद्द झाला. वर कुणीतरी काळं अंडरकोट फासून गंज झाकला होता. तुम्ही उठलात, हात पुसलेत आणि म्हणालात, ‘इथलं वेल्डिंग माझ्यानं होणार नाही. मी जोडीन, पण माझाच त्यावर भरवसा नसेल. हे रोज करणाऱ्याकडून करून घ्या.’ इतकी वर्षं हे काम केलेला माणूस माझ्यासमोर सरळ सांगत होता की हे मला येत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की पुढे काय होणार आहे.

आता ते सांगते, ज्यासाठी हे पत्र आहे.

त्या संध्याकाळी तुम्ही आठही टॅपेट सेट केलेत. दुपारी इंजिन थोडा वेळ चालवून पाहिलं होतं. रात्री गाडी छान सुरू झाली, आवाज एकसारखा, मी तुम्हाला निरोप दिला आणि पहिल्यांदा समाधानानं झोपले. पहाटे उजाडता उजाडता दारात तुम्ही. हातात फक्त फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, आणि एक पाना. मला वाटलं काहीतरी विसरलात.

तुम्ही म्हणालात, ‘काल माझी चूक झाली असावी. इंजिन पूर्ण गार नव्हतं. मला घाई झाली होती. रात्रभर डोळा लागला नाही.’

टॅपेटची फट 0.15 मिलिमीटर, आणि ती मोजायची इंजिन पूर्ण थंड असताना. हे इंजिन तापलं की फट वाढते. म्हणजे कोमट असताना 0.15 ठेवली तर गार झाल्यावर ती कमी भरणार. फट कमी पडली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, आणि एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह न बसता चालत राहिला तर जळतो. त्यातही सगळ्यात धोका तीन नंबरच्या सिलिंडरला. जुन्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच उभा असतो आणि त्याच सिलिंडरची हवा अडवतो. 1971पासून कूलर बाजूला काढून त्याला वेगळी हवा दिली, पण माझं इंजिन त्याआधीच्या रचनेचं.

तुम्ही गाडीखाली सरकलात. मी टॉर्च धरला. सात फटी जेमतेम ठीक होत्या. तीन नंबरच्या एक्झॉस्टमध्ये पातं शिरेना. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग सगळ्या आठही पुन्हा केल्यात, एकेक, आणि प्रत्येक वेळी पातं माझ्या हातात देऊन मलाही सरकवायला लावलंत, म्हणजे किती घट्ट लागायला हवं ते हाताला कळावं. मी पैसे पुढे केले तर तुम्हाला खरोखर वाईट वाटलं. ‘माझ्या चुकीचे पैसे मी कसे घेऊ?’

काका, तुम्ही आला नसतात तर मला कधीच कळलं नसतं. गाडी चालली असती. दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह गेला असता, आणि मी दोष दिला असता जुन्या इंजिनाला, माझ्या नशिबाला, त्या पहिल्या तिघांना. तुमचं नाव माझ्या मनात आलंसुद्धा नसतं. हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही आलात.

तेव्हापासून मी माणसांकडे जरा वेगळं बघते. कोण किती हुशार आहे, याचं मला आता तितकं वाटत नाही. केलेल्या कामाची ज्याला रात्री आठवण येते, ते माणूस मी शोधते. अशी माणसं माझ्या आयुष्यात आधीही होती, हे आता आठवतं. शाळेत माझ्या पेपरचे दोन गुण चुकून कापले म्हणून वर्गासमोर ‘माझं चुकलं’ म्हणणाऱ्या बाई होत्या. त्यांनाही तेव्हा मी काही बोलले नव्हते. आमच्या पिढीला सगळ्यात जड जाणारं वाक्य असेल तर तेच, ‘माझं चुकलं’. तिघा जाणकारांपैकी एकानं जरी ते उच्चारलं असतं, तरी माझं दीड वर्ष वाचलं असतं.

पंख्याच्या आवरणावर त्या पहाटे तुम्ही खडूनं लिहिलंत: ‘गार असतानाच.’ आवरण रंगवायला काढलं तेव्हा ते अक्षर मी पुसलं नाही. तेवढी जागा सोडून रंग दिला.

काल पहिल्यांदा टॅपेट मी एकटीनं तपासले. आदल्या संध्याकाळपासून गाडी हलवली नव्हती. इंजिनाला हात लावून पाहिला, धातू थंडगार. आठही फटी मोजल्या. तीन नंबरचा एक्झॉस्ट शेवटी ठेवला होता. पातं आत गेलं, हलकं घासत, तुम्ही शिकवलंत तस्संच. 0.15.

तुम्हाला कळवायचं होतं.

तुमची,
स्पीडस्टरवाली ताई