रेशन मोफत, तरी अन्नबँक हवीच

संपादक महोदय,

रेशनवर धान्य फुकट मिळते, मग अन्नबँका कशाला, हा प्रश्न देणगी मागायला गेले की हमखास येतो. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे अन्न सुरक्षा कायद्याच्या लाभार्थी यादीतल्या घराला, महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम. एवढ्या पिठाच्या पाचेक पोळ्या होतात आणि त्यात दोन वेळा भागवायचे असते. डाळ आणि तेल सणाच्या शिध्यात आले तर आले. वीस तारखेनंतर डबे रिकामे होतात आणि शेवटचे दहा दिवस उसनवारीवर निघतात.

ज्यांचे कार्डच या यादीत नाही, त्यांचे हाल आणखी वाईट. राज्यात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरवली गेली, म्हणजे महिना ४,९१७. तीनशे रुपये रोजाने सतरा दिवस काम मिळाले की कुटुंब त्यातून बाहेर पडते. त्यात लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती जणांना धान्य द्यायचे तो ठरलेला आकडा, २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव घालायला गेले की ‘इष्टांक पूर्ण आहे’ हे उत्तर ऐकावे लागते. मर्यादा वाढवा, इष्टांक आजच्या लोकसंख्येवर ठरवा आणि रेशनवर दरमहा डाळ-तेल द्या, ही आमची सरकारकडे मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत अन्नबँक बंद करता येणार नाही.

सोसायट्या आणि गणेश मंडळांनाही एक कळकळीची विनंती. तांदूळ-गहू गोळा करू नका, तो रेशनवर येतोच. चार माणसांच्या घराला ३ किलो डाळ, २ लिटर तेल, १ किलो शेंगदाणे, १ किलो साखर, मीठ, हळद, तिखट एवढे द्या आणि ते वीस तारखेच्या आत पोचवा. डाळ मसूर किंवा मुगाची असावी. तूर शिजायला वेळ लागतो, आणि सरपण किंवा पाच किलोच्या सिलिंडरवर रांधणाऱ्या घरात तो खर्च जड जातो. सुटे तेल आणि फोडलेली पाकिटे आम्ही घेत नाही. पावसाळ्यात रवा-मैदाही नको, त्याला जाळी धरते आणि मग सगळे पोते फेकावे लागते.

लग्नातले उरलेले अन्न देणारे मनाने चांगले असतात, पण फोन रात्री अकराला येतो आणि भात आठपासून झाकून ठेवलेला असतो. मोठ्या पातेल्यातला भात मधोमध तासन्‌तास कोमट राहतो. त्यात तयार झालेले विष वासाने कळत नाही, पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून अन्न ६० अंशांच्या वर गरम असेल तरच आम्ही उचलतो. पनीर, दह्याचे पदार्थ आणि ओल्या खोबऱ्याची चटणी तर नाहीच. पंगत सुरू होतानाच कळवले, तर रिकामे डबे घेऊन येता येते आणि वाढप्यांचा हात न लागलेले अन्न वेगळे काढता येते.

मराठवाडा-विदर्भातून आलेल्या मजुरांना अनेकदा माहीत नसते की गावचे कार्ड शहरातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात चालते. कार्डाचा बारा अंकी नंबर सांगून पॉस मशीनवर अंगठा दिला की झाले. घरच्यांनी गावी आपला वाटा उचलला असला, तरी उरलेला इथे घेता येतो. किट वाटणाऱ्या प्रत्येकाने आधी हे विचारावे, कारण ते धान्य त्यांच्या हक्काचे आहे.

— अन्नबँकेचे कार्यकर्ते, पुणे